हयातीचा दाखला

आधी फ्लॅश बंद केला.
त्यात सगळे चेहरे चोर पकडल्यासारखे यायचे
आणि मागच्या स्टीलच्या डब्यांत एकेक छोटा सूर्य.

मग उजेड कुठे बसतो ते बघत घरभर हिंडले.
वारज्यात तो डुक्कर खिंडीच्या टेकडीवरून उशिराच येतो.
सव्वाआठला ओट्यावर, नऊला फ्रिजच्या दारावर,
साडेनऊला बी विंगची टाकी त्याला अडवते.
काय ते सव्वा तासात उरकायचं.

बहिणीला दर शनिवारी मासवडीचे फोटो लागतात.
तिला वाफ हवी असते.
वाफ समोरून दिसतच नाही.
ताट खिडकीशी ठेवायचं, आपण आत उभं राहायचं,
उजेड पलीकडून येऊ द्यायचा
आणि अलीकडून केकच्या खोक्याचं पांढरं झाकण धरायचं,
म्हणजे सावलीतलंही थोडं वाचता येतं.
तेवढ्यात तर्रीचा तवंग विझतो.
केदार भाकरी हातात घेऊन उभा,
"झालं का तुमचं?"

मिहिकासाठी गुडघे टेकले.
उभ्यानं काढलेल्या दोन वर्षांच्या फोटोंत
तिचा नुसता भांग आहे.
फरशीवर बसल्यावर कळलं,
टेबलाच्या खाली कुणीतरी च्युइंग गम चिकटवलंय
आणि आमच्या घरातल्या माणसांना
आधी गुडघे असतात, तोंडं फार वर.

मागची बादली काढ, दोरीवरचा टॉवेल काढ,
हे शिकले.
पुढे कंटाळले, बादली राहू दिली.

अप्पांचं मात्र जमेना.
खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं.
मी मोबाइल वर केला की
अंगठे पँटच्या शिवणीला, हनुवटी वर, श्वास बंद.
"हसा ना" म्हटलं तर
दाताच्या डॉक्टरला दाखवतात तसं दाखवायचे.

सांगायचं सोडलं. मिक्सर बिघडायची वाट बघितली.
तो बिघडला एका मंगळवारी.
बशीत स्क्रू, कपाळावर चष्मा,
ओठांत काळ्या टेपचा तुकडा,
आणि खिडकीचा उजेड एकाच गालावर, न दाढी केलेल्या.
बटण दाबलं तेव्हाच ते हलले.
बोटं धूसर आली.
बहीण म्हणाली, वाया गेला.

नोव्हेंबरात पेन्शनचं काम निघालं.
हल्ली बँकेत जावं लागत नाही,
माणूस आहे की नाही ते मोबाइलच बघतो.
अप्पा खुर्चीत. स्क्रीनवर एक गोल,
गोलात त्यांचा चेहरा.
पापण्या मिटा, अशी सूचना आली.
अप्पा सावधान.
एकदा नापास. दुसऱ्यांदाही नापास.
"अहो, मिटा ना डोळे!"
"फोटोत डोळे मिटायचे नसतात," अप्पा ओठ न हलवता म्हणाले.
लग्नाच्या, ओळखपत्राच्या, निरोप समारंभाच्या
प्रत्येक फोटोत त्यांनी हे पाळलं होतं.
तिसऱ्या वेळी मिहिका खुर्चीच्या दांडीवर चढली
आणि तिनं कडेनं फुंकर मारली.
पापणी लवली.
हिरवी खूण. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत चिंता नाही.
अप्पा उठून चहा टाकायला गेले.

रात्री मोबाइल म्हणाला, जागा संपली.
खराब फोटो पुसायला बसले.
डोळे मिटलेले, जांभईतले, पळालेले,
मिक्सर आणि धूसर बोटं.
मिटलेल्या डोळ्यांपाशी अंगठा थांबायला लागला.
मासवडीचे एकशे बारा पुसले, पटापट.

बादलीचा एक पुसला होता, तो परत आणला.
तिचा कान तुटला होता तेव्हाचा.
कडेला, अर्धी कापलेली,
सुतळी गुंडाळणारी दोन बोटं आहेत त्यात,
अगदी स्पष्ट.