काठगोदामच्या पुढं

सोलापूरहून दिल्ली, दिल्लीहून रात्रीची गाडी,
काठगोदाम.
मला वाटलं नुसत्या काठांचं गोदाम,
रुंद काठ, बारीक काठ, थप्प्या लावलेल्या.
पद्मजा म्हणाली, अत्ता, तिकडं काठ म्हणजे लाकूड.
पुढं दोन दिवस जीप,
आणि जीप थांबते तिथून तीन तास पायी.
मग एक लाकडी खोली. शेजार नाही.

पद्मजा तिकडं नर्स आहे, फोटो तिनंच पाठवला.
खोली काडेपेटीएवढी,
बाकी सगळा डोंगर.
दोन बोटांनी मोठा करून पाहिला:
दार, दाराला कडी, बाहेर बादली.
बादली बघून जरा बरं वाटलं.

एका रात्रीचे बाराशे.
माझ्या हिशेबात सहा हजार विड्या,
सुपात मान घालून सहा दिवस.
राहायचं चार रात्री.
गणित मी पुढं केलं नाही.

यंदा ह्यांनी माग विकले. दोन्ही. भंगारात, किलोवर.
चौतीस वर्षांच्या खडखडाटानं
उजवा कान पूर्ण गेला, डावा थोडा शिल्लक.
तो आहे तोवर, म्हणतात,
काहीच वाजत नाही ते एकदा ऐकायचंय.
साठीचा माणूस असं काही मागतो
तेव्हा काय म्हणायचं असतं
हे आमच्यात कुणी शिकवलेलं नाही.
मी तिकिटाचं विचारलं.

आपल्याकडं डोंगर नाही.
म्हणून पहाटे दवाखान्याचा जिना, चार मजले,
पाठीवर पाच किलो ज्वारी.
वॉचमन विचारतो, पेशंट कितव्या मजल्यावर?
हे ऐकू न आल्यासारखं करतात.
करतात, की खरंच येत नाही,
इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

चव्वेचाळीस डिग्री मला माहीत आहे.
फरशीवर पाणी ओतून झोपणं माहीत आहे.
उणे चार कसं असतं?
फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालून
शंभरपर्यंत आकडे म्हणायला घेतले, तेलुगूत.
साठाला हात काढला.

खोली बघतो तो कुंदनसिंग.
रेंजसाठी त्याला टेकाड चढावं लागतं,
त्यामुळं फोनवर आधी त्याची धाप येते, मग तो.
पांघरुणं आणू नका, म्हणाला, आहेत. सोलापुरी आहेत.
मी ह्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं.
पानिपतची असतील, हे म्हणाले. काठ विचार.
आता हिंदीत काठ कसा विचारायचा?
यादीत लिहिलं: चादरी दोन, आपल्या.

मग पाण्याचं विचारलं.
झरा आहे, म्हणाला, दाराशीच.
किती दिवसांआड येतं?
तो गप्प. मला वाटलं फोन गेला.
वाहतंच असतं, बहनजी.
रात्री पण?
रात्री पण.
मग बंद कोण करतं?
तो हसला, पलीकडं वारा हसल्यासारखा,
आणि खरंच फोन गेला.

झऱ्याचं मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.
म्हणतील, म्हणजे रात्रभर वाजणार.

यादी जुन्या बिलबुकाच्या मागं चाललीय:
कडक भाकरी तीस, शेंगाची चटणी, बॅटरी,
गुडघ्याचं तेल, माकडटोपी दोन,
कानाच्या मशीनचे सेल.
लावणार नाही म्हणतात, तरी.
सगळ्यात खाली, पेन्सिलीनं,
पाचव्या दिवसाचं पाणी कोण भरणार?

काल भाग्यम्माकडं किल्ली दिली.
पिंप भर, दोन घागरी भर, उरलं तर तुळशीला.
ती किल्ली पदराला बांधत म्हणाली,
एवढं लांब जाऊन बघायचं काय गं तिथं?
मला एकदम काही सुचेना.
म्हटलं, दाराबाहेर एक बादली आहे.