शेजारचं कोपर

आईच्या लग्नाआधीच्या एकुलत्या एका फोटोत
डाव्या कडेला एक कोपर आहे.
आईचं नव्हे.
कोपराखाली तीन बांगड्या,
आणि मग कात्रीची धार.

नंदुरबारला स्टेशनाच्या अलीकडे
लोटन शिंप्याचा ‘छाया’ होता.
रोल सुरतेहून यायचा, बारा फोटोंचा,
आणि बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं तेरा.
फोटोचे तीन रुपये.
मिरचीच्या पथारीवर देठ खुडायचे किलोला दहा पैसे.
म्हणजे एक चेहरा तीस किलो,
वर रात्रभर बोटांची आग,
डोळ्याला हात लावायचा नाही.

दोघींनी पंधरा-पंधरा किलो घातले.
एकच फोटो काढला, आणि मधून कापला.

कशाला हवा होता गं फोटो?
हवा होता, म्हणाली.

पडद्यापुढे नको, पथारीवरच काढा,
असा हट्ट त्यांचाच.
लोटनआप्पा सायकलवर पेटी बांधून आले.
सायकलचे वेगळे घेतले नाहीत.
त्यांच्या मागे पसरलंय ते कोळशाचं मैदान वाटतं,
नाही तर जळालेलं शेत.
लाल आहे ते, आई बोट टेकवून सांगायची.
आणि मी कितीतरी वर्षं
काळं दिसलं की लाल समजायचे.

मग रंग आले.
मामाच्या लग्नात छत्तीसचे दोनच रोल,
आणि पंगती सात.
लोटनआप्पांचा भटू चौथ्या पंगतीपासून
नुसताच फ्लॅश मारत फिरला.
झगझग उजेड, लोक घास थांबवून हसले,
पदर सारखे केले,
नंदुरबारचे निम्मे वऱ्हाडी त्या दिवशी
कुठेच उमटले नाहीत.

मग फुकट झालं सगळं.
आई गेली तेव्हा फोनमध्ये तिचे नऊशे चाळीस निघाले:
हललेले, उजेडाविरुद्ध,
खिशात दाबले गेलेले, ज्यात ती नुसती ऐकू यावी अशी
आमच्या घरची फरशी.
एकही कापावा लागला नव्हता.
एकही फ्रेम केला नाही.

भटूकडे गेले. तो आता झेरॉक्स काढतो,
आधारकार्डाला प्लास्टिक चढवतो.
निगेटिव्ह? दोन पोती होती, ताई.
चांदीवाला घेऊन गेला किलोवर.
असते म्हणे त्यात थोडी.
काय भाव लागला, ते त्याला आठवत होतं. साल नाही.

त्या काचेसारख्या पट्टीवर त्या दोघी
अजून अखंड होत्या, एवढंच माझ्या डोक्यात.
कात्री फक्त कागदाला लागली होती.
आता कुणाच्या जोडव्यात असतील,
की समईच्या टोकाला, की कुठेच नाही.

यंदा मी जुना कॅमेरा घेतला.
काळापांढरा रोल अकराशेला,
धुवायला पुण्याला, कुरिअर निराळं.
हिशेब केला: एका खटक्याला पंचेचाळीस रुपये.
फोनवर ज्या गोष्टी दिवसभर टिपते
त्यातल्या किती पंचेचाळीसच्या आहेत?
मांजर नाही. चहा तर नाहीच.
तीन आठवडे झाले, अकराच्या पुढे आकडा सरकेना.

माघात पथारीवर गेले.
नाक झणझणलं, पाय आपोआप जपून पडू लागले.
देठ खुडणाऱ्या दोघी तोंडाला ओढणी बांधून बसलेल्या.
फोटो काढू का?
धाकटीनं विचारलं, कितला पैसा?
काही नाही, म्हटलं.
तरी मोठी तिच्याकडे सरकली,
दोन्हीसना एकच काढी ले, उगाच खर्च नको करू.

मी दोन काढले.
एकेकीचा नाही. दोन्ही वेळा दोघींचा.
कोपरं मध्ये येतील एवढ्या जवळून.

दाखाड बरं, म्हणत धाकटी उठली,
कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकली,
ओढणीच्या टोकानं पुसून पुन्हा पाहिलं.
काय काळं काळं दिखी ऱ्हायनं.

लाल आहे ते, मी म्हटलं.