उणे ऐंशी

रात्री पावणेदोनला फोन वाजतो:
फ्रीझर नंबर तीन, तापमान चढतंय.
घरच्या कपड्यांवरच एप्रन घालून
मी सोहारच्या रिकाम्या हमरस्त्याला लागते.
बाहेर अडतीस. रात्रीचे.
काचेवर दमट समुद्र.

लॅबमध्ये फक्त कंप्रेसरची धाप.
रॅकमागून रॅक उपसून
कोरड्या बर्फात मांडत जाते नळ्या.
एकेकीत चमचाभरही नाही इतकं सीरम,
पहाटे साडेचारच्या बसआधी घेतलेलं,
बंदरावरच्या, भट्टीवरच्या माणसांचं,
ज्यांची मूत्रपिंडं
उन्हाचा हिशेब ठेवतात.

नाव मला कळू नये असा नियम आहे.
पण सुई टोचताना दोनशे चौदा स्वतःच म्हणाला होता,
धनिकलाल, जनकपूरकडचा.
आणि, "मॅडम, यात काय निघालं ते सांगाल ना?"
मी संमतीपत्रातलं चौथं कलम वाचून दाखवलं.
त्याने मान हलवली,
काही न कळल्यावर आपण हलवतो तशी.

सहा महिन्यांनंतरच्या रकान्यात
त्याच्यापुढे आहे: संपर्क तुटला.
असे एकोणतीस.
शोधनिबंधात एका ओळीत मावतील,
टक्केवारीसकट.

पर्यायी फ्रीझर आकडा गाठत येतो,
उणे सत्तर, उणे चौऱ्याहत्तर.
खाली बस हॉर्न देते.
शेवटच्या नळीवरचा बर्फ पुसायला
मी हातमोजा काढते, आकडा वाचते
आणि ती अंगठ्याला चिकटून बसते.

ओढली तर कातडी निघेल.
ऊब दिली तर सुटेल,
पण ऊब लागली की नमुना बाद.