पोहऱ्यात

निपाणीत, तंबाखूच्या वखारीपुढं
भरमू उपाध्ये रिक्षा थांबवायचा.
भोंग्यातून आधी मराठीत :
"रात्रीचे बारा. विहिरीवर रहाट फिरतोय,
एकटाच..."
मग तेच कानडीत, जरा हळू.
"पोहरा वर येतो. पोहऱ्यात—"
खट्.
माईक बंद.

आत बायकांचे हात जर्द्यात तसेच.
खाटेचं शिंकणंसुद्धा अडलेलं.
तो बिडी पेटवायचा, निवांत,
अन् रिक्षा पुढच्या वखारीला.

शनिवारी थेटरात भूत निघालं
पांढऱ्या लुगड्यातलं, मनगटावर घड्याळ.
हसून हसून पुरेवाट.

तरी अंधारात घराकडं वळताना
शेवक्का मधेच थांबली.
"पोहऱ्यात काय हुतं गं?"

पिक्चरमध्ये
विहीरच नव्हती.