चार नंबरचं टेबल

कुतुबभाईंनी ते चिमट्यानं उचललं
आणि आधी पंखा बंद केला.
भद्रकालीत, भर मे महिन्यात, पंखा बंद.
तेव्हाच कळलं, आकडा मोठा असणार.

हिरवट तिकीट. धरणाची भिंत, वर दोन ढग,
डाव्या कोपऱ्यात 'भारत',
आणि उजवीकडे, जिथं काळ्या शाईत पैसे हवेत,
तिथं काहीच नाही.
दुसऱ्या छपाईला दोन ताव चिकटून गेले असतील,
वरच्यानं खालच्याची शाई खाल्ली असेल.
"अशी चारच ठाऊक आहेत," ते म्हणाले,
"आणि चौथं कुणी दाखवत नाही."

मी दात मोजले, गोंद पाहिला,
उजेडात धरून वॉटरमार्क पाहिला,
आईच्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढ्या नोटा मोजल्या
आणि वहीच्या मधल्या पानात तिकीट घालून
शालिमारहून नाशिकरोडची बस धरली.
उभ्यानं. वही छातीशी.

आई एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होती.
सकाळचा भोंगा झाला की जेल रोडवरची अर्धी घरं
एकदम चपला शोधायची.
जाताना झडती, येताना झडती,
आत न्यायचा फक्त डबा आणि चष्मा.
काम एवढंच : ताव उलटायचे.
रंग सरकलेला, दात घसरलेले,
मोराला दोन चोची छापलेल्या,
दिसलं की लाल पेन्सिलीची फुली.
फुलीचे ताव मोजून, सह्या करून, भट्टीत.
मी ज्याच्यासाठी पोट मारून पैसे साठवतो
ते तिनं गठ्ठ्यांनी जाळायला धाडलंय.
जेवताना हा विषय काढायचा नाही
असं आमच्यात न बोलता ठरलेलं.

त्या संध्याकाळी काढला.
तिनं ताट सारलं, हात धुतले, पदराला पुसले,
पुन्हा पुसले.
भिंग नको म्हणाली.
तिकीट खिडकीकडे तिरकं धरलं
(तसं तिरकं धरणारा संग्राहक मी अजून पाहिला नाही)
आणि तिचा उजवा हात
टेबलावर आपोआप पेन्सिल चाचपू लागला.

"हे सुटलं कसं?"
मग गप्प. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या,
तिनं मोजल्या नाहीत.
"धरणाचं. म्हणजे चार नंबरचं टेबल.
हौसाबाई."

हौसाबाई निसाळ. विहितगावहून पायी यायच्या.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
रजा मागावी तर कळणार, कळलं तर घरी बसवणार,
पोरगा दहावीला.
म्हणून त्यांचे ताव या तिघी वाटून घ्यायच्या,
आपले संपवून, साहेबाची पाठ वळली की.
हौसाबाई नुसत्या उलटत राहायच्या,
पाहिलेलेच ताव, परत परत,
चारही टेबलांवरून कागदाचा आवाज
सारखा यावा म्हणून.
आठ महिने.

"त्यांचं नव्हे हे," आई म्हणाली,
"आमच्यातल्याच कुणाचं तरी.
दमायचो शेवटी शेवटी."
आवाजात काय होतं, मला नीट लागलं नाही.
आधी वाटलं, शरम.

रात्री अल्बम उघडला.
तिकिटाखाली मी नेहमी लिहितो :
कागद, दात, रंग, चूक.
चूक एवढं लिहिलं, विसर्गासारखी दोन टिंबं दिली
आणि पेन तिथंच राहिलं.

"कितीला घेतलंस?" आतून आवाज.
मी निम्मी किंमत सांगितली.
"अगंबाई," ती म्हणाली,
"एवढ्यात तर ऑपरेशन झालं असतं तेव्हा. दोन्ही डोळ्यांचं."
दिवा घालवला तिनं. मग अंधारातून :
"त्यांच्या पोराला दाखव एकदा. देवळालीला मास्तर आहे.
टेबल नंबर तेवढा सांगू नकोस."