कसर

तेहतीस वर्षं मी पोलिसांची हत्यारं दुरुस्त केली.
लोखंडावरचे आकडे मला अंगठ्याने वाचता येतात.
निवृत्तीनंतर, कुणी सांगितलं नसताना,
डबा बांधून सकाळच्या एसटीने
जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जाऊन बसू लागलो.

ढुमणे बाई लाल बासनातला गठ्ठा आणून ठेवतात.
"जपून उलटा. कसर लागली आहे."
हत्यार नोंदवही, ठाणे पिंपळझरी, सन १९४३.

आवक : रिव्हॉल्व्हर सहा. काडतुसं बहात्तर.
लढाईतला माल, घाईत घडलेला,
कानशीचे ओरखडेही न पुसता बोटीत भरलेला.
तिकडे शहरंच्या शहरं जळत होती,
आणि इथे स्वतंत्र रकान्यात नोंद आहे
की एका कातडी म्यानाला उंदीर लागला.
बैलबाजार बंदोबस्त : नेली दोन, परत दोन.
पिसाळलेलं कुत्रं : गोळी एक, नेम चुकला.
पुन्हा एक. चुकला.
कुत्र्याचं पुढे काय झालं, लिहिलेलं नाही.

मग सेहेचाळीसची तपासणी.
हत्यारं सहा भरली,
पण सहाव्याचा नंबर वहीशी जुळेना.
सरकारी हत्यार विकून दुसरंच जमा केल्याचा संशय.
शिपाई लटारी वाघाडे, बक्कल चारशे बारा.
जबाब : मला जे दिलं तेच मी परत दिलं.
शेरा : समाधानकारक नाही. बडतर्फ.
खाली सही नाही, अंगठा.

त्या अंगठ्यावर मी माझा अंगठा ठेवला.
"हात नका लावू," ढुमणे बाई म्हणाल्या, "शाई सुटते."

पिंपळझरीचा ठाणेदार पोरगेला, भला.
मालखाना उघडून दिला, वर चहा सांगितला.
दारूचे कॅन, एक सायकल, कुणाचीशी कुऱ्हाड,
त्यामागे पेटीत, भंगाराच्या यादीत नाव लागलेलं ते.
रॉकेलची चिंधी फिरवली. अंगठा फिरवला.
शेवटचा आकडा 9.
वहीत शेवटचा आकडा १.

मुन्शी मराठी शाळेतला असणार.
त्याने दिसलं तसं काढलं, वर गाठ, खाली शेपूट.
पुढच्याने वाचलं, एक.
त्याच्या पुढच्याने लटारीचा पट्टा काढून घेतला.

वाघाड्यांचं घर नाल्यापलीकडे.
लटारीची नात, कौसाबाई,
अंगणात मोहफुलं पसरवत होती.
मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं,
जरा जास्तच भराभर, निकाल ऐकवल्यासारखं.
तिने फुलांतले खडे वेचणं थांबवलं नाही.

"बुढा मरेवरी हेच सांगे, दिला थोच होता म्हने.
आमाले वाटे, इकला असन अन् पैसा पुरला असन.
माह्या बापानं त सारं आंगन खंदलं.
एक डाव नाही, तीन डाव.
बुढा खाटीवर बसून पाहे.
काही बोले नाही."

मोहफुलांखाली जमीन अजून सपाट नव्हती.

मग म्हणाली, "कसा असते थो नऊ, दाखवा."
मी खाली बसलो. धुळीत बोटाने
आधी आपला एक काढला,
शेजारी इंग्रजी नऊ.
ती वाकली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"सारकेच त हायेत," म्हणाली.

तेहतीस वर्षांचा माझा अंगठा
धुळीत तसाच टेकलेला होता.
तिने सूप उचललं, उरलेली फुलं
त्या दोन आकड्यांवरच पसरली,
कारण ऊन तिथेच येत होतं.