काट्यावरच्या लाटा

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
आमचा साठ टनी वजनकाटा.
ट्रक नसतो तेव्हा संगणक मोकळा,
आणि मोकळ्या पडद्यावर
भाची रुकय्याने लिहून दिलेल्या लाटा:
सात रेघा, काळ्यावर निळ्या,
खाली जाता जाता हिरवट,
वर येता येता जवळजवळ पांढऱ्या.

कशाच्या गं या?
कशाच्याच नाहीत, मामू. नुसत्या लाटा.

अथणीहून हळद घेऊन बसगोंडा येतो.
पावती राहते बाजूला,
खिडकीत हनुवटी टेकून बघत बसतो.
दोन रेघा एकमेकींत शिरतात,
मध्येच एक फुगवटा उठतो
कुणीच न मागितलेला,
की पुन्हा दोघी आपापल्या वाटेने.
"ही नदी न्हवं," तो म्हणतो,
"नदी एकाच अंगानं जाती."
मागचा ट्रक हॉर्न मारतो.

मी कळ दाबतो. लाटा जातात.
गाडी चढते, आकडा हेलकावतो,
एकवीस नऊशे ऐंशी, बावीस चाळीस, बावीस दहा,
तेवढ्यापुरता तोही त्यांच्यातलाच.
मग ठरतो.
पावती ठरलेल्याचीच फाटते.

रात्री अकराला दिवा मालवतो,
पडदा तेवढा बंद करायचा राहतो.
रोज. चुकून.
भिंतीवर, रजिस्टरवर, पिवळ्या धुळीवर
निळं वरखाली होत राहतं.

एकदा बाहेर जाऊन
रिकाम्या काट्यावर उभा राहिलो,
खिडकीतून त्यांना बघत.
बाहेरचा लाल आकडा : सत्तर.
बराच वेळ सत्तरच.
दहा किलोच्या आतलं हललेलं
आमच्या काट्याला कळत नाही.